बुडी मारण्याआधी कानाचं ठरवा: वाल्साल्व्हा, टॉयन्बी की फ्रेन्झेल?

मालवणला स्कूबाचं बुकिंग झालं की घरात दोन प्रश्न निघतात. पहिला: "विमान उतरताना माझे कान दुखतात, मला पाण्याखाली झेपेल का?" दुसरा: "परवा टँकवर पोहून आल्यापासून कान ठणकतोय, तरी जाऊ का?" दोघांचाही कानच दुखतो, पण कानाचे भाग वेगळे आणि उत्तरं उलटी. पहिल्याला शिकता येण्यासारखी युक्ती आहे: शीर्षकातली तीन नावं कान मोकळे करायच्या पद्धतींची आहेत. दुसऱ्याने कान बरा होईपर्यंत पाण्याबाहेर राहायचं.

दुखणं कुठलं ते आधी बघा

कानाची पाळी धरून हलकेच वर-मागे ओढा. मग भोकाच्या पुढ्यात जो छोटा कुर्चेचा उंचवटा असतो तो दाबा. यात कळ आली तर दुखणं बहुतेक बाहेरच्या नळीत आहे. ओल्या कातडीत जंतू वाढतात, आत सूज येते, कधी पाणी वाहतं. पोहून आल्यावर एक-दोन दिवसांनी हे सुरू होतं. कोकणातल्या दमट हवेत बुरशीही धरते. तेव्हा दुखण्यापेक्षा खाज जास्त आणि कान भरल्यासारखा. यावर ईएनटीकडे जाऊन कान साफ करून घेणं आणि त्यांनी दिलेले थेंब घालणं एवढाच मार्ग आहे. लसूण टाकून कोमट केलेलं तेल आजीच्या मायेने येतं खरं, पण पडद्याला भोक असेल तर ते थेट मधल्या कानात उतरतं, आणि भोक आहे की नाही हे घरी कुणालाच दिसत नाही.

आणखी एक निरुपद्रवी प्रकार म्हणजे पोहल्यावर अचानक कमी ऐकू येणं. आतला मळ पाण्याने फुगून बसलेला असतो. इअरबड घातलात तर तो आणखी आत जातो.

दाबाचं दुखणं मात्र पाण्यातच, खाली जाताना सुरू होतं. पाळी ओढून ते वाढत नाही. वर आल्यावर दडे बसतात आणि आत पाणी अडकल्यासारखं वाटतं. मग लोक किनाऱ्यावर एका पायावर उड्या मारतात. त्याचा उपयोग नाही, कारण ते पाणी समुद्राचं नसतंच. मधल्या कानाच्या अस्तरातून ओढला गेलेला द्रव, कधी थोडं रक्त, पडद्याच्या आतल्या बाजूला साठलेलं असतं.

दोन-तीन मीटरवरच एवढं का दुखतं

महाबळेश्वरला रिकामी करून झाकण लावलेली पाण्याची बाटली पसरणी घाट उतरून वाईला येईपर्यंत चेपलेली असते. कानाच्या पडद्यामागची हवेची पोकळी अशीच चेपते. पण त्या अख्ख्या उताराला हवेचा दाब जेवढा बदलतो, तेवढा समुद्रात पाऊण मीटर जाण्याआधीच बदलतो. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि त्या पोकळीतली हवा निम्म्या जागेत येते. पुढच्या १० मीटरला बदल त्या मानाने कमी असतो. म्हणून "आपण कुठे खोल जातोय, पाच-सहा मीटर तर आहे" हा दिलासा कानाच्या बाबतीत फसवा आहे. कानाचा खरा खेळ तिथेच आहे.

मधला कान आणि घसा यांना जोडणारी साधारण साडेतीन सेंटीमीटरची नळी, युस्टेशियन नलिका, एरवी मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना टाळूचे स्नायू ती क्षणभर उघडतात. बाहेरचा दाब वाढत गेला आणि आपण काहीच केलं नाही, तर साधारण सव्वा मीटरच्या फरकाला नळीचं तोंड असं दाबून बंद होतं की मग कितीही फुंका, ते उघडत नाही. दुखायला लागल्यावर कान मोकळे करू म्हणणारा इथेच अडकतो. वर जाऊन फरक कमी करणं एवढाच उपाय उरतो.

तीन पद्धती

पाच मिनिटांच्या ब्रीफिंगमध्ये शिकवतात ती वाल्साल्व्हा: नाक चिमटीत धरायचं, तोंड बंद, हलकेच नाकात फुंकायचं. इटलीच्या आन्तोनिओ वाल्साल्व्हाने १७०४ सालच्या आपल्या कानावरच्या ग्रंथात ती सांगितली, तीही बुडी मारणाऱ्यांसाठी नव्हे, तर कानातला पू बाहेर काढायला. जमायला सगळ्यांत सोपी, आणि हेच तिचं बळ. कमजोरी अशी की यात छातीचा जोर लागतो, नळी उघडणारे स्नायू काहीच करत नाहीत. उशीर झाला की माणूस जोर वाढवतो, चेहरा लाल होईस्तोवर फुंकतो. त्या जोराने डोक्यातला दाब वाढून आतल्या कानाची नाजूक पडदी फाटू शकते, आणि ते दुखणं पडदा फुटण्यापेक्षा गंभीर आहे. म्हणून फुंकर हलकी आणि पाच सेकंदांच्या आत. नाही उघडलं तर सोडा, थोडं वर या, पुन्हा करा.

दुसरी टॉयन्बी: नाक दाबून गिळायचं. जोसेफ टॉयन्बी हा १९व्या शतकातला ब्रिटिश कर्णतज्ज्ञ. (कानात गुणगुण येण्यावर औषध शोधताना स्वतःवर क्लोरोफॉर्मचा प्रयोग करून १८६६ साली तो गेला, असे लोक कानाला लाभलेत.) इथे स्नायू स्वतः नळी उघडतात, जोर लागत नाही, त्यामुळे इजेची भीती कमी. पण सिलिंडरची हवा कोरडी असते, तोंडात रेग्युलेटर, म्हणजे हवा देणारं तोंडातलं उपकरण, चावून धरलेला, अशात थुंकी गिळणं किती जिवावर येतं हे एकदा करून पाहिल्याशिवाय कळत नाही. शिवाय नळी उघडली नाही तर गिळण्याने नाकामागचा दाब आणखी कमी होतो. खाली जाताना एकट्या टॉयन्बीवर मी विसंबणार नाही. वर येताना कान अडकला, म्हणजे आतली हवा बाहेर निघेना, तर मात्र हीच कामी येते. तेव्हा वाल्साल्व्हा करणं म्हणजे भरलेल्यात आणखी भरणं.

तिसरी फ्रेन्झेल. दुसऱ्या महायुद्धात सूर मारत खाली येणाऱ्या जर्मन बॉम्बर विमानांच्या वैमानिकांना शिकवलेली, आणि माझ्या मते शिकण्यासारखी खरी हीच. नाक दाबायचं, जड पिशवी उचलताना घसा आपोआप बंद होतो तसा बंद करायचा, आणि जिभेचा मागचा भाग वर ढकलत आवाज न काढता 'क्' म्हणायचं. जीभ पिस्टनसारखी काम करते, छाती आणि पोट शांत राहतात. आरशासमोर उभे राहा, एक हात पोटावर ठेवा. चिमटीतल्या नाकपुड्या फुगल्या, कंठमणी वर सरकला आणि पोट हललं नाही, तर जमलं. पोट आत गेलं तर तुम्ही अजून फुंकताय. पक्की परीक्षा हवी असेल तर सगळा श्वास बाहेर सोडून मग करून बघा. फुप्फुसं रिकामी असूनही कानात 'टक्' झालं तर ती फ्रेन्झेलच.

तोटा एकच: ती आज शिकून उद्या येत नाही. काहींना पहिल्याच दिवशी साधते, काहींना आठवडे लागतात.

मग कुणी काय करायचं

मालवण, तारकर्ली किंवा गोव्याच्या ग्रांद बेटावर आयुष्यात एकदा, फोटोपुरती डाइव्ह करायची असेल, तर वाल्साल्व्हा पुरे. अट एवढीच की पाण्याच्या वरच एकदा कान मोकळे करायचे, आणि मग दुखण्याची वाट न पाहता दर अर्ध्या मीटरला. अशा डाइव्हमध्ये इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून खाली नेतो आणि वेग त्याच्या हातात असतो. म्हणून उतरण्याआधी त्याला स्पष्ट सांगा, "दादा, कानाला वेळ लागतो, हळू न्या." एक हात नाकासाठी मोकळा ठेवा. पंजा आडवा धरून डुलवणं आणि मग कानाकडे बोट दाखवणं ही कान अडकल्याची खूण. अंगठा वर करू नका, त्याचा अर्थ 'मला वर न्या' असा होतो. डोकं वर, पाय खाली ठेवून उतरा आणि हनुवटी जरा उचला. डोकं खाली करून गेलं की नळी उघडायला जास्त त्रास होतो.

पूर्ण कोर्स करायचा असेल, तारकर्लीच्या एमटीडीसीच्या केंद्रात असो किंवा अंदमानला, तर फ्रेन्झेल घरूनच शिकून जा. ओपन वॉटर या पहिल्या कोर्सला १८ मीटरपर्यंत जायचं असतं, रोज एकापेक्षा जास्त डाइव्ह होतात. पहिल्या दिवशी जोर लावून सुजवलेली नळी दुसऱ्या दिवशी साथ देत नाही. फ्रीडायव्हिंग, म्हणजे सिलिंडरशिवाय श्वास रोखून बुडी मारणाऱ्याला तर निवडच नाही. डोकं खाली, फुप्फुसं चेपलेली, तिथे वाल्साल्व्हाला लागणारी हवा छातीतून वर येत नाही.

आणि घरी कोरड्यात यातलं काहीच जमत नसेल, दोन्ही कानांत कधीच 'टक्' होत नसेल, तर स्नॉर्कलिंग करा. ते पृष्ठभागावरच राहतं, कानावर दाबाचा प्रश्न येत नाही. फक्त पूर्ण चेहरा झाकणारा मास्क असेल तर खाली बुडी मारू नका, त्यात नाक दाबता येत नाही. विमानात कान दुखणाऱ्यांनीही आधी कोरड्यात करून बघावं. त्यांतल्या बऱ्याच जणांना नुसतं कुणी शिकवलेलं नसतं.

सर्दी झालीय, पैसे भरलेत

इथे तीन पर्याय दिसतात: तसंच उतरायचं, थेंब टाकून जायचं किंवा तारीख पुढे ढकलायची. लोक मधला निवडतात. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब टाकून जायचं. खाली जाताना ते उपयोगी पडतातही. पंचाईत तेव्हा होते जेव्हा त्यांचा असर पाण्याखाली उतरतो: वर येताना नळी सुजून बंद आणि आतली हवा फुगतेय. खाली जाताना अडलं तर डाइव्ह रद्द करता येते. वर येणं रद्द करता येत नाही. सलग काही दिवस वापरले तर हेच थेंब नाक आणखी चोंदवतात. स्टेरॉइडचे नाकातले फवारे ॲलर्जीवाल्यांना बरे, पण त्यांचा गुण यायला आठवडाभर जातो. ते डॉक्टरांना विचारून आधीपासून सुरू करायचे असतात, बोटीवर नव्हे. भरात असलेल्या सर्दीवर तारीख पुढे ढकलणं हाच पर्याय मी धरेन. बुकिंग करतानाच सर्दीमुळे तारीख बदलून मिळेल का ते विचारून ठेवा.

पोहताना वापरायचे सिलिकॉनचे इअरप्लग स्कूबाला चालत नाहीत. प्लग आणि पडदा यांच्यामध्ये अडकलेली हवा मोकळी करायला कुठलीच पद्धत पोहोचत नाही. प्लग आत ओढला जातो. टँकवर वारंवार कान धरणाऱ्याला ते ठीक आहेत, आणि पोहून आल्यावर मान कलती करून पाणी काढणं, टॉवेलने बाहेरून टिपणं, फार तर हेअर ड्रायर मंद करून फूटभर लांबून धरणं, एवढं पुरतं.

वर आल्यावर

मास्कमध्ये किंवा शेंबडात थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका, सायनसमधूनही ते येतं. पण त्या दिवशी पुन्हा उतरू नका. नुसते दडे असतील तर कान मोकळा करायला सारखं फुंकत बसू नका, ते काही दिवसांत सुटतात. कळ येऊन अचानक थांबली, गार पाणी आत गेल्यासारखं झालं आणि गरगरलं, तर पडदा फाटला असण्याची शक्यता मोठी. बहुतेक पडदे काही आठवड्यांत आपले आपण भरतात, पण तोवर अंघोळीचं पाणीसुद्धा आत जाता कामा नये, आणि थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत.

गरगरणं थांबत नसेल, एका कानाने कमी ऐकू येत असेल, नवीन गुणगुण सुरू झाली असेल तर त्याच दिवशी ईएनटी गाठा, आणि डाइव्ह किती खोल, किती वेळ झाली हे सांगा. हे आतल्या कानाचं लक्षण असू शकतं आणि खोल डाइव्हनंतर रक्तातल्या बुडबुड्यांचंही. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. परतीचं विमान असेल तर तपासणी होईपर्यंत ते पुढे ढकला.