ठरीव स्क्रिप्ट की भाषा-मॉडेलवरचा एजंट?

रोज एकाच पोर्टलवर लॉगिन करून त्याच प्रकारची विवरणपत्रे डाउनलोड करायची असतील, तर माझ्या मते साधी स्क्रिप्टच, म्हणजे ठरलेल्या पायऱ्या क्रमाने करणारा छोटा प्रोग्रामच, सरस ठरते. २००४ साली सुरू झालेले सेलेनियम आणि २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेले प्लेराइट ही ब्राउझर आपोआप चालवणारी साधने स्क्रिप्टमध्ये सांगितलेल्या बटणावरच क्लिक करतात. त्या बटणाचा आयडी, म्हणजे पानाच्या कोडमधली त्याची ओळख, बदलला, की स्क्रिप्ट तिथेच अडते, पण ते अडणे निदान लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदवहीत) दिसते.

भाषा-मॉडेलवर, म्हणजे चॅटजीपीटीमागे असते तशा एआयवर, चालणारा एजंट पानाचा स्क्रीनशॉट किंवा रचना वाचून पुढची पायरी स्वतः ठरवतो, त्यामुळे ‘सबमिट’च्या जागी ‘पुढे जा’ आले तरी त्याचे काम सहसा थांबत नाही. मात्र प्रत्येक पायरीला मॉडेलला विचारावे लागत असल्याने वेळ आणि खर्च वाढतो, आणि चुकीचा रकाना भरूनही काम झाल्याचे तो बिनदिक्कत कळवू शकतो. शिवाय पानाच्या मजकुरात कोणी दडवलेली सूचना तो मालकाचा हुकूम समजून पाळण्याचा धोका असतो; स्क्रिप्टला मजकूर समजतच नाही, हे इथे पथ्यावर पडते. म्हणून पैसे भरण्याच्या पायरीवर माणसाची मंजुरी सक्तीची ठेवावी. अनेक संकेतस्थळांवरून, तीही वरचेवर बदलणारी, दर गोळा करायचे असतील तर मात्र एजंटच परवडतो.