ओसीटी स्कॅन: एएमडीतला व्रण तपासायला उत्तम, पण फक्त त्याच्या भरवशावर नको

वेट एएमडीमध्ये, म्हणजे वयामुळे दृष्टिपटलाखाली नव्या, गळक्या रक्तवाहिन्या वाढतात त्या आजारात, मॅक्युलावर (दृष्टिपटलाच्या मध्यभागावर) व्रण, म्हणजे जखम भरल्यावर राहणारा घट्ट डाग, किती झालाय हे पाहायला आधी ओसीटीच (प्रकाशाने दृष्टिपटलाचे थर दाखवणारा स्कॅन) करतात, आणि ते बरोबरच आहे. सुई नाही, शिरेतून रंगद्रव्य (डाय) नाही, स्कॅन काही सेकंदांत होतो आणि ५ ते ७ मायक्रॉनपर्यंतचा बारकावा दिसतो. जुना व्रण दृष्टिपटलाखाली पांढऱ्या, घट्ट पट्ट्यासारखा उठून दिसतो. त्याच्यावरची एलिप्सॉइड झोनची (प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या थराची) रेघ सलग आहे की तुटली, हे जरूर पाहा; नजर किती सुधारेल याचा अंदाज त्यावरून येतो.

अडचण अशी की प्रत्येक पांढरा ढीग व्रण नसतो. रक्त, फायब्रिन (रक्त गोठताना बनणारं तंतुमय प्रथिन), नव्या रक्तवाहिन्यांचं जाळं, सगळं स्कॅनमध्ये जवळपास सारखंच दिसतं. उपचार म्हणून डोळ्यात दिलेल्या इंजेक्शनांनंतर ढीग ओसरला तर बहुतेक ते रक्त किंवा फायब्रिन. कडा रेखीव होऊन तो तसाच राहिला तर व्रण. म्हणून त्याच दिवशी रंगीत फंडस फोटो (डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो) हवाच. त्यात रक्त लाल आणि तंतुमय व्रण पांढरट-पिवळा दिसतो. अँजिओग्राफीत (डाय टोचून काढलेल्या फोटोंत) व्रण उशिरा चमकतो, पण चमक पसरत नाही. पसरली तर गळती चालू आहे.

ओसीटीतला सगळ्यात फसवा भाग म्हणजे मशीनने मोजलेला दृष्टिपटलाच्या जाडीचा आकडा. व्रणात खालच्या थराची रेघच हरवते, मग मशीन ती अंदाजाने भलतीकडे ओढतं. जाडीचा नकाशा बाजूला ठेवून एकेक स्कॅन डोळ्यांनी तपासावा. व्रणावर काळ्या पोकळीभोवती चकचकीत कडी दिसली, तर ती बहुधा दृष्टिपटलाच्या बाहेरच्या थराची गुंडाळी असते, साचलेलं पाणी नव्हे. ती इंजेक्शनने जात नाही, आणि पाणी समजून विनाकारण इंजेक्शनं दिली जातात.

या रुग्णांना मधलं दिसत नसल्याने मशीनच्या आतल्या खुणेवर नजर ठरत नाही आणि स्कॅन सरकतो. दुसऱ्या डोळ्यासाठी बाहेरचा दिवा लावावा, स्कॅनमध्ये फोव्हिया (मॅक्युलाचा मध्यबिंदू) हाताने मध्यावर आणावा, पुढच्या वेळी फॉलो-अप मोड (आधीच्याच जागी स्कॅन घेणारी सोय) वापरावा. डोळा कोरडा असेल तर आधी थेंब घालून पापण्या मिटायला सांगावं. सिरस या ओसीटी मशीनवर सिग्नल १० पैकी ६ पेक्षा कमी आला तर स्कॅन पुन्हा घ्यावा. स्कॅनची एकच रेघ पुरत नाही; ६ मिमीच्या चौकोनात १२८ रेघा घेतल्या तर दोन रेघांत सुमारे ४७ मायक्रॉनच अंतर राहतं.

एका पानाच्या प्रिंटवर समाधान मानू नका. पूर्ण स्कॅनची फाइल मागून घ्या, म्हणजे पुढच्या भेटीत त्याच जागेची तुलना करता येते.