पेजमेकरच्या जुन्या फाइली, एक्सपी आणि व्हर्च्युअलबॉक्स : वापरून पाहण्याआधी वाचा

दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्यांतली कितीतरी पुस्तकं वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्री-लिपी किंवा आकृती या मराठी सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये जुळवलेली असतात. नवी आवृत्ती काढायची वेळ आली की सीडीवरची फाइल आजच्या लॅपटॉपवर उघडत नाही, आणि उघडली तरी मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा गाळ दिसतो. कारण साधं आहे. त्या काळचे फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेताचे, नव्हते. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले होते. युनिकोडमध्ये रूपांतर करता येतं, पण जोडाक्षरं, रफार आणि ओळींचे तुकडे बिघडतात आणि अख्खं पुस्तक पुन्हा तपासावं लागतं. फक्त पुनर्मुद्रण करायचं असेल तर फाइल तिच्या मूळ घरात, म्हणजे विंडोज एक्सपीत उघडून पीडीएफ काढणं हाच खरा मार्ग. त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर आमच्या मते पहिली निवड आहे. ते आजच्या संगणकाच्या आत एका खिडकीत दुसरा, आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवतं, आणि त्यात एक्सपी बसवता येते.

व्हर्च्युअलबॉक्स २००७ मध्ये इनोटेक या जर्मन कंपनीने आणलं, पुढे ते सन मायक्रोसिस्टिम्सकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेलं. मूळ पॅकेज मुक्त स्रोत आहे, धंद्याच्या कामालाही चालतं. एक्स्टेन्शन पॅक या जादा सोयींच्या जोडसंचाचा परवाना मात्र वेगळा आहे : घरगुती वापराला फुकट, व्यवसायाला विकत. डीटीपीच्या दुकानात तो टाकू नका. त्याची गरजही नाही, कारण आवृत्ती ७ पासून यूएसबी २ आणि ३ मूळ पॅकेजमध्येच आलं आहे.

बसवण्याआधी बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन प्रोसेसरची व्हर्च्युअल मशीनसाठीची सोय, म्हणजे इंटेलचं व्हीटी-एक्स किंवा एएमडीचा एसव्हीएम मोड, चालू करा. त्याशिवाय ६.१ पासूनची कुठलीच आवृत्ती मशीन सुरू करत नाही. विंडोज ११ वर आणखी एक अडचण येते. मशीन रखडत चालतं आणि खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतं. याचा अर्थ हायपर-व्ही, म्हणजे विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची यंत्रणा, वाटेत आडवी आली आहे. विंडोज फीचर्समधून हायपर-व्ही आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म काढा, कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी बंद करा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षेचं कवच आहे, म्हणून काम झालं की पुन्हा चालू करायला विसरू नका.

आता एक्सपी. नवं मशीन करताना विंडोज एक्सपी ३२-बिट निवडा आणि अनअटेंडेड इन्स्टॉलेशन टाळा. रॅम १ जीबी भरपूर होते, प्रोसेसर एकच द्या, डिस्क २० जीबीची वाढती व्हीडीआय (आतल्या संगणकाची हार्ड डिस्क म्हणून वापरली जाणारी फाइल). जास्त दिल्याने एक्सपी वेगवान होत नाही. स्टोरेजला आयडीई, पीआयआयएक्स४ हाच कंट्रोलर ठेवा. ‘साटा नवीन आहे, म्हणजे चांगलं’ असं समजून तो बदलला की इन्स्टॉलेशन निळ्या स्क्रीनवर ७बी कोड देऊन थांबतं. एक्सपीच्या सीडीवर साटासाठी लागणारा एएचसीआयचा ड्रायव्हरच नाही, एवढंच त्याचं कारण. ग्राफिक्स कंट्रोलर व्हीबॉक्स-व्हीजीए, आवाजाला एसी९७. मशीनच्या सेटिंगमधली आय-ओ एपीआयसीची खूण इन्स्टॉलेशनआधीच काय ती ठरवा. एक्सपी बसल्यावर काढली तर ती सुरू होत नाही. सर्व्हिस पॅक ३ टाका, त्यानंतर व्हर्च्युअलबॉक्सचे आतल्या विंडोजसाठीचे ड्रायव्हर, म्हणजे गेस्ट अॅडिशन्स. तोवर माउस आतल्या खिडकीत अडकला तर उजवं कंट्रोल बटण दाबून सोडवा.

परवान्याचं काय? जुन्या पीसीच्या डब्यावर चिकटलेली ओईएम (पीसीसोबतच विकलेली) की त्याच पीसीपुरती असते. बॉक्समध्ये विकत घेतलेली रिटेल प्रत जवळ असेल तीच वापरा.

नेटवर्क अडॅप्टर ‘नॉट अटॅच्ड’ ठेवा. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षेची मदत बंद झाली आहे, आणि पीडीएफ काढायला इंटरनेट लागत नाही. फाइलींची ने-आण शेअर्ड फोल्डरमधून, म्हणजे बाहेरच्या नि आतल्या दोन्ही विंडोजला दिसणाऱ्या फोल्डरमधून करा. इथे एक युक्ती फार कामाची आहे. पेजमेकर चित्रांच्या लिंका पूर्ण पत्त्यासह लक्षात ठेवतो, आणि जुन्या काळी काम बहुधा डी ड्राइव्हवर असायचं. म्हणून एक्सपीत आधी सीडी ड्राइव्हचं अक्षर बदला, मग शेअर्ड फोल्डरचा माउंट पॉइंट डी द्या आणि आत फोल्डरांची नावं जुनीच ठेवा. शंभर चित्रं एकेक करून शोधण्याचा त्रास वाचतो.

मराठी सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे ते चालण्यासाठी संगणकाच्या पोर्टात लावावं लागणारं डोंगल, हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग. यूएसबी लॉक असेल तर कंट्रोलर २.० म्हणजे ईएचसीआय निवडा, कारण ३.० चा ड्रायव्हर एक्सपीत नाही. लॉक लावून यूएसबी फिल्टर बनवा, मग ते बाहेरच्या विंडोजकडे न जाता थेट आत जातं. त्याचा ड्रायव्हर मात्र एक्सपीतच बसवावा लागतो. काही लॉक व्हर्च्युअल मशीन ओळखून चालायला नकार देतात. प्रिंटरच्या पोर्टात लागणारं जुनं पॅरलल लॉक असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या भरवशावर राहू नका. त्यासाठी खरा जुना पीसीच सांभाळून ठेवावा. नुसती छपाई हवी असेल तर मात्र बहुतेक वेळा लॉक लागतही नाही. फॉन्टच्या टीटीएफ फाइली जवळ असल्या आणि त्या कंट्रोल पॅनेलमधून टाकल्या की मजकूर दिसतो. टायपिंग करायला लॉक हवं.

पीडीएफसाठी पेजमेकर ७ सोबत आलेला डिस्टिलर ५ हा पीडीएफ बनवणारा प्रोग्रॅम वापरा. फाइल उघडण्याआधी एक्सपीत पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरचा ड्रायव्हर बसवून घ्या आणि डॉक्युमेंट सेटअपमध्ये ‘कंपोज टू प्रिंटर’ला तोच ठेवा, नाहीतर ओळी सरकू शकतात. ‘एम्बेड ऑल फॉन्ट्स’ची खूण केलीच पाहिजे. निघालेली पीडीएफ छपाईला उत्तम असते, पण तिच्यात मराठी शब्द शोधता येत नाही.

नागपूरकरांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. आयडीई कंट्रोलरवर ‘होस्ट आय-ओ कॅश’ आपोआप चालू असतं, म्हणजे लिहिलेला मजकूर डिस्कवर थोडा उशिरा पोचतो. मे महिन्यातल्या वावटळीत लाइट गेली आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर व्हीडीआय फाइल खराब होऊ शकते. ती खूण काढा, थोडा वेग जाईल, पण डेटा वाचेल. दुसरं, एक्सपी रिकामी बसली की प्रोसेसरला विश्रांती देते. विंडोज ९८ आणि डॉस देत नाहीत. ते एक कोर सतत पूर्ण क्षमतेने चालवतात. ४५ अंशाच्या दुपारी, कूलरच्या दमट हवेत, लॅपटॉपवर ९८ तासन्‌तास उघडी ठेवू नका.

९८ साठी तसंही व्हर्च्युअलबॉक्स चांगलं नाही : गेस्ट अॅडिशन्स नाहीत, आणि एएमडीच्या नव्या रायझन प्रोसेसरवर पॅच न लावता ती कोसळते. तिथे जुन्या पीसीची हुबेहूब नक्कल करणारं ८६बॉक्स घ्या. व्हर्च्युअलबॉक्ससारखंच व्हीएमवेअर वर्कस्टेशन २०२४ पासून फुकट आहे आणि एक्सपीत थ्रीडी त्याचं सरस, पण डाउनलोडसाठी खातं उघडावं लागतं. अॅपलच्या एम-सीरिज मॅकवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी चालत नाही, तिथे यूटीएम हे सॉफ्टवेअर लागतं, आणि ते संथ चालतं.

स्नॅपशॉटला (मशीनची त्या क्षणाची जपलेली अवस्था) बॅकअप समजू नका. तो मूळ डिस्कवर अवलंबून असतो, ती गेली की तोही गेला. एक्सपी, पेजमेकर आणि फॉन्ट नीट बसले की मशीन बंद करून ‘एक्सपोर्ट अप्लायन्स’ने अख्खं मशीन असलेली एकच ओव्हीए फाइल काढा, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि दुसऱ्या लॅपटॉपवर एकदा उघडून पाहा.