आर्क-फॉल्ट ब्रेकर सांगून साधा आरसीसीबी गळ्यात मारला

दिवाळीआधी पुण्यातल्या आमच्या जुन्या फ्लॅटचं वायरिंग बदलून घेतलं. कॉन्ट्रॅक्टर बोलायला एकदम गोड, म्हणे साहेब एमसीबी, म्हणजे घरातला नेहमीचा ब्रेकर, फक्त ओव्हरलोड नाहीतर शॉर्टला पडतो, लूज कनेक्शनमधली ठिणगी त्याला कळतच नाही आणि आगी तिथूनच लागतात, अमेरिकेत २००२ पासून बेडरूमला ही ठिणगी ओळखून पडणारा आर्क-फॉल्ट ब्रेकर कंपल्सरी आहे. नंतर शोधलं तर हे सगळं खरं निघालं हो, म्हणून तर फसलो. तीन नगांचे १८,००० घेतले, बिल मागितलं तर "जीएसटी कशाला भरताय". बसवून झाल्यावर टेस्टचं बटण दाबून दाखवलं, खट्कन पडला, आम्ही खूश.

जानेवारीत गीझर चालू असताना सॉकेटमधून चरचर आवाज यायला लागला आणि मासळीसारखा जळका वास. बायको म्हणाली शेजारी बोंबील भाजतायत वाटतं. प्लेटला हात लावला तर चटका बसला. आणि ब्रेकर? जागचा हलला नाही.

ओळखीच्या वायरमन काकांना बोलावलं. सॉकेट उघडलं तर स्क्रू धड पिळलेलाच नव्हता, फेजची वायर काळी ठिक्कर. मग डीबी, म्हणजे ब्रेकरचा बॉक्स, उघडला आणि ब्रेकरवरचं ते चकचकीत 'आर्क प्रोटेक्शन'चं स्टिकर काकांनी नखाने खरवडलं, खाली छापलेलं ३० एमए, आयएस १२६४०, हा आरसीसीबीचा स्टँडर्ड. म्हणजे चक्क आरसीसीबी, गळतीचा ब्रेकर, जो दोन-अडीच हजारात मिळतो. तो करंट अर्थला गळला तरच पडतो, इथे कुठे गळत होता. २ किलोवॅटचा गीझर ९ अँपियरच्या आसपास घेतो, ठिणगी उडत असली तरी करंट तेवढाच, झाला तर थोडा कमीच, म्हणून २० चा एमसीबीसुद्धा गप्प. आणि ते टेस्ट बटण, ते आरसीसीबीला पण असतंच!! ते दाबून फक्त गळतीचं सर्किट तपासलं जातं. खऱ्या आर्कवाल्याला एएफडीडी म्हणतात, त्याच्यावर आयईसी ६२६०६ असं लिहिलेलं असतं, पैसे देण्याआधी तेवढं वाचा, आणि स्टिकर असेल तर काढून वाचा.

कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर म्हणतो, "साहेब, आग लागली का? नाही ना?"

त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.