यूडिस्क्स-सीटीएल : पेनड्राइव्ह काढताना परमिशन अडली की मी आता हेच वापरते

लिनक्सवर पेनड्राइव्ह लावताना सहसा काही अडत नाही, अडतं ते काढताना. फाइल मॅनेजरमध्ये इजेक्टवर क्लिक केलं की समोर येतं ‘नॉट ऑथोराइज्ड टू परफॉर्म ऑपरेशन’, आणि आपण बघत बसतो की अरे मशीन माझं, पेनड्राइव्ह माझा, मग परवानगी कोणाची हवी? गेलं वर्षभर मी या कामाला यूडिस्क्स-सीटीएल ही टर्मिनलमधली कमांड वापरतेय, म्हणून त्याबद्दल लिहितेय. वेगळं काही विकत घ्यायचं नाही, लिनक्सच्या बहुतेक डेस्कटॉप डिस्ट्रोमध्ये यूडिस्क्स2 या डिस्क सांभाळणाऱ्या सर्व्हिससोबत ती आधीपासूनच असते, फाइल मॅनेजरसुद्धा बहुतेक वेळा मागून याच सर्व्हिसला सांगतो.

माझं घोडं अडलं होतं ते सुडो माउंटमुळे, म्हणजे ऍडमिनचे अधिकार घेऊन पेनड्राइव्ह जोडल्यामुळे. पेनड्राइव्ह मी टर्मिनलमधून सुडो लावून माउंट करायचे आणि काढायला मात्र फाइल मॅनेजरमध्ये जायचे. यूडिस्क्स बघतं की हे माउंट केलंय कोणी. ज्याने कुलूप लावलं त्यानेच उघडायचं असा साधा हिशोब आहे, माउंट रूटच्या, म्हणजे ऍडमिनच्या नावावर तर मग साध्या युजरला ते काढायला ऍडमिनचा पासवर्ड लागतो. कोणाला काय करू द्यायचं ते पोल्किट नावाची सर्व्हिस ठरवते, डेस्कटॉपवर तिचा पासवर्ड विचारणारा एजंट चालू असेल तर पासवर्डची खिडकी तरी येते, पण मी तेव्हा आयथ्री हा साधा विंडो मॅनेजर वापरत होते, तिथे एजंट आपणहून सुरू करावा लागतो, तो नसल्यामुळे खिडकी नाही, विचारणं नाही, थेट नकार. एलएक्सपोल्किट हा एजंट लॉगिनबरोबर सुरू होईल असं केलं आणि निम्मा त्रास तिथेच संपला.

उरलेला निम्मा गेला सुडो सोडल्यावर. आता लावताना यूडिस्क्स-सीटीएल माउंट, डॅश बी आणि पार्टिशनचं नाव, म्हणजे माझ्याकडे एसडीबी1. काढताना त्याच नावाला अनमाउंट, ‘अनमाउंटेड’ अशी ओळ आली की मग पॉवर-ऑफ, यावेळी एसडीबी पुरे, पुढचा 1 नको. कुठेही पासवर्ड नाही. पॉवर-ऑफ काही बोलत नाही, पण माझ्या पेनड्राइव्हचा दिवा विझतो आणि एलएसबीएलके या कमांडने दिसणाऱ्या डिस्कच्या यादीतून एसडीबी गायब होतं, तेव्हाच मी हात लावते. मोठा व्हिडिओ कॉपी केला असेल तर अनमाउंट बराच वेळ अडकल्यासारखं वाटतं, घाबरू नका आणि कृपा करून उपटू नका. कॉपीची पट्टी 100 टक्के दाखवते तेव्हाही बराच डेटा रॅममध्येच असतो आणि अनमाउंट तो खाली लिहून घेत असतं. प्रॉक-मेमइन्फो या फाइलमध्ये ‘डर्टी’ची, म्हणजे लिहायच्या उरलेल्या डेटाची ओळ बघा, आकडा उतरताना दिसतो.

एक मात्र ओळखायला शिका, ‘टार्गेट इज बिझी’ हा परमिशनचा प्रॉब्लेम नाही. एखादा टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उघडा राहिलेला असतो किंवा व्हिडिओ प्लेयरने फाइल धरून ठेवलेली असते. फ्यूजर या कमांडला डॅश व्हीएम आणि माउंटची जागा दिली की कोणी धरलंय ते कळतं. तिथे सुडो मारून काही उपयोग नाही.

परमिशन अडली की बरेच जण सांगतात, स्वतःला डिस्क ग्रुपमध्ये टाका. हे करू नका, मनापासून सांगतेय. साधी इजेक्ट कमांड डिव्हाइस थेट उघडायला बघते म्हणून ती त्या ग्रुपने चालते हे खरं, पण त्या ग्रुपमधल्या युजरला सगळ्या डिस्कचं कच्चं वाचन-लेखन मिळतं, फाइलच्या परमिशन तिथे आडव्या येतच नाहीत. पेनड्राइव्हसाठी अख्ख्या घराची किल्ली दिल्यासारखं आहे ते. नियम सैल करायचाच असेल तर पोल्किटमध्ये करा, ईटीसीमधल्या पोल्किट-1 च्या रूल्स-डॉट-डी फोल्डरात छोटी जावास्क्रिप्ट फाइल, तिच्यात फक्त ‘फाइलसिस्टिम-अनमाउंट-अदर्स’ (दुसऱ्याने माउंट केलेलं काढणं) ही एकच ऍक्शन, तीही एकाच ग्रुपला. फाइलच्या नावाचा शेवट डॉट-रूल्स हवा, नाहीतर पोल्किट तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. आणि जुनं डेबियन असेल तर हे चालणार नाही, 2023 मध्ये डेबियन 12 येईपर्यंत तिथे पोल्किट 0.105 होतं, त्याला पीकेएलए ही जुन्या पद्धतीची नियमांची फाइल लागते. नेटवरचं उत्तर कॉपी करण्याआधी आपलं व्हर्जन बघून घ्या.

नावडलेलं एकच पण मोठं, एरर मेसेज. ऑथोराइज्ड नाही एवढंच सांगतं, का नाही ते सांगत नाही. एसएसएचवरून दुसऱ्या मशीनमध्ये शिरून हीच कमांड दिली तर पासवर्ड मागते, कारण पोल्किटच्या लेखी तुम्ही त्या मशीनसमोर बसलेले नाही, नियम म्हणून मला हे पटतं, पण हे मला शेवटी लॉगिन-सीटीएल या कमांडने माझं लॉगिन सेशन उघडून बघितल्यावर कळलं, तिथे ‘रिमोट’पुढे ‘यस’ लिहिलं होतं. तेवढी एक ओळ मेसेजमध्ये आली असती तर मी पाचपैकी पाच दिले असते, आत्ता चार देते.