सरकारी आयसीटीसी: चाचणी उत्तम, वाट अवघड

एचआयव्ही तपासणीसाठी सरकारी रुग्णालयातलं आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, हीच आमची पहिली शिफारस. सेवा मोफत आणि गोपनीय. आधी समुपदेशन, मग संमती, मग रक्त. पहिल्या किटवर रिअ‍ॅक्टिव्ह (संसर्गाची शक्यता दाखवणारं) आलं तर वेगळ्या प्रकारच्या आणखी दोन किटवर पडताळतात; तिन्ही जुळल्याशिवाय ‘पॉझिटिव्ह’ म्हणत नाहीत. घाईत एकाच किटवर निदान सांगणाऱ्या खाजगी लॅबपेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

चूक होते ती वेळेत. संबंधानंतर आठवड्याभरात निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. धोका नुकताच घडला असेल तर चाचणीची वाट न पाहता ७२ तासांच्या आत पीईपी (संसर्ग टाळण्यासाठीचं तातडीचं औषध) सुरू करा, गोळ्या २८ दिवस.

खरी अडचण दाराबाहेर आहे. ओपीडीच्या गर्दीत ठळक पाटी, आणि वेळ नेमकी रोजंदारीची. ओळखीचं कुणी पाहील या भीतीने माणसं परत फिरतात, हे फार वाईट आहे. पिशवीत निरोध सापडला म्हणून सेक्स वर्कर महिलांना पोलिसांनी अडवणं तर २०१७ च्या एचआयव्ही कायद्याच्या कलम २२ शी (संसर्गाचा धोका कमी करणाऱ्या उपायांना संरक्षण देणाऱ्या) थेट विसंगत.

जवळचं केंद्र विचारायला १०९७, मोफत.