तितो गोब्बीची जुनी ऑपेरा रेकॉर्डिंग्ज: कुठली घ्यावीत आणि कुठून सुरुवात करावी

इटालियन ऑपेरा म्हटलं की लोक टेनरपाशी, म्हणजे उंच पुरुषी आवाजापाशी थांबतात, पावारोत्ती, कारूसो झालं, पण ज्यांना माणसाच्या आवाजात अभिनय ऐकायचाय त्यांनी त्याहून खालच्या बॅरिटोनकडे वळावं आणि बॅरिटोनांत आधी तितो गोब्बीकडे, हे मी ठामपणे सांगतो. जन्म १९१३, व्हेनेतोमधलं बास्सानो देल ग्राप्पा. पादुआला कायदा शिकायला गेला आणि गाण्याकडे वळला, १९३५ ला स्टेजवर आला आणि १९८४ ला रोममध्ये वारला. मधली पंचवीसएक वर्षं अशी की व्हेर्दी आणि पुच्चिनीच्या ऑपेरातला खलनायक, बाप, राजा, लबाड, सगळं त्याने गाऊन ठेवलंय आणि त्यातलं बरंच ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने स्टुडिओत रेकॉर्ड केलंय. ती रेकॉर्डिंग्ज आज सीडीवर, स्ट्रीमिंगवर, काही नव्या एलपीवरसुद्धा मिळतात, त्यातली कुठली घ्यायची आणि कुठली सोडली तरी चालेल एवढंच लिहितोय.

आधीच सांगतो, निव्वळ गोडवा हवा असेल, मखमली भरदार आवाज हवा असेल तर एत्तोरे बास्तियानिनी ऐका, लेनर्ड वॉरन ऐका. गोब्बीचा आवाज तसा नाहीये. वरच्या पट्टीत जोर लावला की सूर कोरडा होतो, थोडा कडक होतो, ते लपत नाही. पण शब्द कसा टाकायचा, एकाच ओळीत तीन वेळा रंग कसा बदलायचा, कुठे आवाज काढून घ्यायचा, यात त्याच्या जवळपास जाणारे फार थोडे. आपल्याकडे नाट्यसंगीत ऐकणाऱ्यांना हे लगेच कळेल, कारण पद गाताना पात्र सुटलं की आपल्यालाही खटकतं.

सुरुवात पुच्चिनीच्या तोस्कापासूनच करा, १९५३ च्याच. ऑगस्टमध्ये मिलानला ला स्काला या ऑपेरा हाउसमध्ये रेकॉर्ड झालेली, मारिया कॅलास, जुझेप्पे दि स्तेफानो, गोब्बी आणि कंडक्टर व्हिक्टर द साबाता. निर्माता वॉल्टर लेग. या लेगने नंतर लिहून ठेवलंय की रेकॉर्डिंगला बसायच्या आधी द साबाताने गोब्बीकडून पहिल्या अंकातलं त्याचं सगळं गाणं तीसएक वेळा म्हणवून घेतलं, एकेका अक्षराचा रंग बदलून बदलून. ऐकताना ते पटतं.

गोब्बी इथे स्कार्पिया आहे, १८०० सालच्या रोममधला पोलिसप्रमुख, वरून धार्मिक आणि आतून सडलेला. चर्चमध्ये पोरांचा दंगा चाललाय, अचानक ऑर्केस्ट्रात ते तीन जड कॉर्ड कोसळतात आणि हा दारात उभा. चर्चमध्ये एवढा गोंधळ, छान मान राखता, असं काहीतरी म्हणतो, पण ज्या तऱ्हेने म्हणतो त्यात कळतं की या माणसाला ओरडायची गरज नाही. अंकाच्या शेवटी 'ते देउम' हे चर्चमधलं स्तुतिगीत, घंटा वाजतायत, तोफा, कोरस चढत चाललाय, आणि गोब्बी आधी अगदी दबक्या आवाजात हाताखालच्या माणसाला हुकूम देतो की तीन शिपाई, एक गाडी, तिच्या (गायिका तोस्काच्या) मागे जा, मग त्याची वासना हळूहळू वर येते आणि प्रार्थनेतच मिसळून जाते. द साबाता टेम्पो जराही ढळू देत नाही, एकसारखा दाब वाढत जातो. मोनो रेकॉर्डिंग आहे हे त्या वेळी डोक्यातही येत नाही.

पण माझ्या मते खरी कमाल दुसऱ्या अंकातली एक लहानशी जागा. आत शेजारच्या खोलीत तोस्काच्या प्रियकराचा, कावारादोस्सीचा छळ चाललाय आणि इकडे स्कार्पिया तोस्काला म्हणतो, चला आता मित्रांसारखं बोलूया. इथे गोब्बीचा आवाज इतका मवाळ होतो, इतका घरगुती, की अंगावर काटा येतो. ती म्हणते तो एकटाच होता, एकटाच. मग स्कार्पिया आतल्या माणसाला विचारतो, काय म्हणतोय, उत्तर येतं, नाकारतोय. आणि गोब्बी एकच शब्द टाकतो, 'इन्सिस्तियामो', म्हणजे चालू ठेवा. ना राग, ना जोर, ऑफिसात फाईल पुढे सरकवताना बोलतात तसं. एवढ्या एका शब्दात तो अख्खा माणूस उभा राहतो. हे लिब्रेटो, म्हणजे ऑपेराची संहिता, हातात धरून ऐका, नाहीतर ही जागा निसटून जाईल.

कॅलास आणि गोब्बीचा हाच दुसरा अंक बघायलाही मिळतो, ९ फेब्रुवारी १९६४ ला लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधून टीव्हीसाठी चित्रित झालेला, दिग्दर्शन झेफिरेल्लीचं. आवाज दोघांचेही तोवर उतरलेत, पण नजर, हात, जेवणाच्या टेबलाभोवतीचं त्याचं फिरणं बघण्यासारखं आहे. त्याच सुमारास पॅरिसमध्ये जॉर्ज प्रेत्रच्या हाताखाली केलेली दुसरी स्टुडिओ तोस्का मात्र स्टिरिओ आहे म्हणून घेऊ नका. साउंड चांगला आहे, बेरगोंझी सुंदर गातो, पण १९५३ ची धग त्यात नाही आणि एकच तोस्का घरात ठेवायची तर जुनीच.

दुसरं नाव रिगोलेत्तो, १९५५, परत ला स्काला, परत कॅलास आणि दि स्तेफानो, कंडक्टर तुल्यो सेराफिन. रिगोलेत्तो हा दरबारातला कुबडा विदूषक, सरदारांनी याची मुलगी पळवून आणलीय आणि ती राजवाड्यात कुठेतरी आहे असा याला संशय. तो 'ला रा, ला रा' असं काहीतरी गुणगुणत येतो, जणू काही झालंच नाही. गुणगुणता गुणगुणता टेबलावर एक रुमाल दिसतो, तो बघतो, आणि स्वतःशीच म्हणतो, तिचा नाही. एवढ्याशा तुकड्यात गोब्बी जे करतो ते मी दुसऱ्या कुणाकडून असं ऐकलेलं नाही. गुणगुणण्यात ताल बरोबर, वरवरची मजा आहे, आणि आत हुंदका दाबलेला ऐकू येतो, म्हणजे सरदारांना ऐकू येणार नाही आणि आपल्याला येईल इतकाच. मग 'कोर्तिज्यानी' हे त्याचं मोठं गाणं येतं, आधी संताप, मग मारुल्लो या सरदारापुढे गयावया, आणि शेवटी चेलोच्या साथीने नुसती भीक. संतापाच्या भागात वरचे सूर कडक लागतात, तिथे वॉरन जास्त शोभला असता हे कबूल करायला हवं. पण भीक मागायला लागल्यावर आवाज पातळ होतो, तुटतो, आणि तरी सुरातच राहतो.

आता ज्याबद्दल फार कुणी बोलत नाही ते, सिमोन बोक्कानेग्रा, १९५७, रोम ऑपेरा, कंडक्टर गाब्रिएले सान्तिनी. हा व्हेर्दीचा काळोखा, गुंतागुंतीचा ऑपेरा. १८५७ ला व्हेनिसमध्ये पडला, १८८१ ला कवी बोइतोच्या मदतीने दुरुस्त होऊन ला स्कालात परत आला. चौदाव्या शतकातलं जेनोवा, एकेकाळचा दर्यावर्दी आता शहराचा दोजे, म्हणजे प्रमुख, आणि पंचवीस वर्षं त्याच्याशी वैर धरून बसलेला फिएस्को. गोब्बी सिमोन, बोरिस क्रिस्तॉफ फिएस्को, व्हिक्तोरिया द लोस आंखेलेस अमेलिया. गोब्बी आणि क्रिस्तॉफ हे खऱ्या आयुष्यात साडू, दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. आणि इथे दोघे एकमेकांपुढे उभे राहिले की खोली लहान वाटायला लागते. क्रिस्तॉफचा काळाकुट्ट बास आणि गोब्बीचा थकलेला, समजूतदार आवाज, शेवटच्या अंकात वैर विरघळतं तो ड्युएट तर थांबून ऐकावा.

सिमोन आणि त्याची हरवलेली मुलगी अमेलिया एकमेकांना ओळखतात त्या प्रसंगाच्या शेवटी मुलगी आत जाते आणि सिमोन एकदाच म्हणतो, 'फिल्या', मुली. वरचा एफ, अगदी हळू. जोराने लावला तर ज्या सुरावर गोब्बी कोरडा झाला असता तोच सूर इथे तो हवेत ठेवल्यासारखा ठेवतो. ज्यांना वाटतं की याला फक्त खलनायकी जमते त्यांनी हे एकदा ऐकावं. मग कौन्सिलच्या सभेत भांडणाऱ्या जमावापुढे तो शांततेची याचना करतो, तिथे आवाजात अधिकारही आहे आणि दमणूकही. मोनो आहे, कोरस जरा मागे दबलाय, त्यामुळे तो सभेचा प्रसंग जितका मोठा वाटायला हवा तितका वाटत नाही. हा एक दोष सोडला तर माझ्यासाठी हे त्याचं सगळ्यात खोल काम, तोस्कापेक्षाही.

हसायचं असेल तर ज्यान्नी स्किक्की, १९५८, परत सान्तिनी, आणि हे स्टिरिओ. पुच्चिनीचा एकअंकी, तासाभरात संपतो, म्हणून नवख्याला द्यायलाही बरा. फ्लॉरेन्समधला म्हातारा बुओसो मेलाय, इस्टेट मठाला गेलीय, नातेवाईक स्किक्कीला बोलावतात आणि तो मेलेल्याच्या पलंगावर झोपून नोटरीला खोटं मृत्युपत्र सांगतो. गोब्बी म्हाताऱ्याचा आवाज नाकातून, थरथरता काढतो आणि मध्येच नातेवाईक चुळबुळ करायला लागले की आपल्या खऱ्या आवाजात फ्लॉरेन्सचा निरोप घेणारी ती धून गुणगुणून आठवण करून देतो, की हे उघड झालं तर सगळ्यांचे हात कापले जातील आणि वर हद्दपारी. ती खेचर, ते घर, त्या गिरण्या, एकेक करून स्वतःच्या नावावर करत जातो. कायदा शिकायला गेलेल्या माणसाने हे मृत्युपत्र काय चवीने सांगितलंय! मुलीच्या भूमिकेत द लोस आंखेलेस, तिचं ते जगप्रसिद्ध 'ओ मियो बाब्बिनो कारो' इथे जसं साधं, लाडिक आहे तसंच असायला हवं.

बाकीचं भराभर. फाल्स्टाफ १९५६, कंडक्टर कारायान आणि फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा, लंडन, स्टिरिओ, सगळी कास्टच जबरदस्त, पण हा ऑपेरा पटापट शब्दांचा आहे, भाषांतर समोर नसेल तर अर्धी मजा जाते, म्हणून पहिल्यांदा नको. बार्बर ऑफ सेव्हिल १९५७ मध्ये कॅलाससोबतचा ड्युएट एकदम फर्स्टक्लास, पण एकट्याच्या गाण्यात मला तो फिगारोपेक्षा जास्त हुशार, जास्त सावध वाटतो. ऑथेल्लो १९६० मध्ये जॉन व्हिकर्ससमोर तो इयागो आहे, आणि कासियोच्या खोट्या स्वप्नाची गोष्ट ऑथेल्लोच्या कानात जवळजवळ कुजबुजत सांगतो, तेवढ्यासाठी तरी घ्याच. नाबुक्को १९६५ चं मात्र उशिराचं, तिथे आवाजाचा खरखरीतपणा खूप पुढे आलाय, ते फक्त त्याच्या चाहत्यांनी.

विकत घेताना एक सांभाळा. युरोपात १९५० च्या दशकातल्या रेकॉर्डिंग्जचे हक्क ५० वर्षांनी संपले, त्यामुळे एकच तोस्का ढीगभर लेबलांखाली मिळते आणि सगळ्या सारख्या नाहीत. मी स्वस्तात मागवलेल्या एका सेटमध्ये हिस काढायच्या नादात आवाजाची धारच काढून टाकली होती, स्कार्पिया ब्लँकेटखालून बोलतोय असं वाटत होतं, आणि पुस्तिका म्हणून नुसती ट्रॅकची यादी. कॅलाससोबतच्या स्टुडिओ ऑपेरांसाठी वॉर्नरने २०१४ ला काढलेलं रिमास्टरिंग शोधा, ॲबी रोडला मूळ टेपवरून केलेलं आहे, शब्द स्वच्छ ऐकू येतात, आणि गोब्बीच्या बाबतीत सगळी किंमत शब्दांचीच आहे. स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर ट्रॅकमधला गॅप बंद करा, नाहीतर ते देउम मध्येच तुटतो. लिब्रेटोचं इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट मिळतं, फोनवर उघडून ठेवलं तरी पुरतं.

बजेट एकाच सेटचं असेल तर तोस्का १९५३. दोनाचं असेल तर सोबत बोक्कानेग्रा, आणि ते लगेच घ्या, कारण ते दर वेळी स्टॉकमध्ये असतंच असं नाही.